गोठ्याच्या विटांची खोली

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी मी वहीत यादी केली. पहिलं काम: अंगणात, जमिनीलगत एक खोली. आमच्या मांडवगणच्या घराला पाच पायऱ्या आहेत आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी आल्यावर दोन महिने एकही पायरी नको. हातात वीस दिवस होते.

नवरा कारेगावला कंपनीत आहे. तो म्हणाला, "शिक्रापूरवरून ब्लॉक मागवू. चार दिवसांत काम."

"आणि अंगणातला रिकामा गोठा पाडल्यावर त्याच्या विटा काय ओढ्यात टाकायच्या?" मी म्हटलं. त्या मातीत रचलेल्या होत्या, सिमेंटमध्ये नाही. हलवली की वीट अख्खी सुटायची. एकदा भाजलेली वीट पुन्हा भाजायला लागत नाही, मग नव्या मालासाठी आणखी धूर कशाला?

"भाषण नको, गवंडी बघ."

गवंडीमामांनी वीट विटेवर आपटली. खणखणीत वाजली ती भिंतीला, बद वाजली ती बाजूला. "माल एक नंबर हाय वहिनी. पर ह्या घासायच्या कुणी?"

मी घासल्या. दोन ढीग लावले, पाट्या ठोकल्या: 'भिंत' आणि 'तुकडे'. पण आमच्याकडे अंगणातला विटांचा ढीग गावाचा समजतात. "दोन नेते गं, पिंपाखाली ठिवायला!" असं ओरडून शेजारच्या काकू मोकळ्या. त्यांचं बघून बाकीचेही. नेणाऱ्यांनी पाट्या वाचल्या असाव्यात, कारण सगळ्यांनी 'भिंत'मधल्याच नेल्या. भिंत खिडकीच्या वर गेली आणि माल संपला. मी वही घेऊन घरोघर निघाले.

काकू पिंपासमोर उभ्या राहिल्या. "भरल्यालं हाय. रिकामं झालं की ने."

मी त्यांच्याच तांब्यानं त्यांची जास्वंद, तुळस आणि अर्धं अंगण भिजवलं आणि दोन विटा घेऊन आले.

खोली एक दिवस आधी झाली. उरलेल्या निवडक विटा मामांनी दारात उभ्या लावून उंबरा केला. "उंबऱ्याबिगर खोली म्हंजी गोदाम." मला पटलं. मी त्यावर हळदकुंकूही वाहिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई शिरूरच्या दवाखान्यातून आल्या. वॉकर टेकत दारापर्यंत गेल्या आणि वॉकरचे पुढचे पाय उंबऱ्यावर अडले. सासूबाईंनी खाली पाहिलं.

"पाच पायऱ्या चुकवल्या आन् सहावी बांधून ठिवली व्हय?"

मी वही उघडली. उंबरा यादीत नव्हता. नको, असंही कुठं लिहिलं नव्हतं.

"मावशी, बांधलेला उंबरा काढत न्हाईत," मामा म्हणाले.

"मग मी हितंच ऱ्हाते. जेवाण हितंच वाढा."

नवऱ्यानं खुर्ची आणली. सासूबाई सावलीत बसल्या आणि मामांनी छिन्नी घेतली. सिमेंट अजून ओलं होतं. "दमानं! तुटली न्हाई पायजे," सासूबाई खुर्चीतून सांगत होत्या. विटा निघाल्या, खाच भरली, वर फळी टाकली. फळीच्या अलीकडे मी रांगोळीची एक रेघ ओढली.

वॉकर रेघेवरून गेला. रेघ दोन ठिकाणी पुसली.

"झाला उंबरा," सासूबाई कॉटवर टेकत म्हणाल्या. "आता त्या मामाला च्या दे. लई घाबारलाय."