धारेच्या वेळची व्हिएतनामी

माझी बायको शालन आणि मी, आम्ही मिळून शेवटचं काम केलं ते हरणीला भादरायचं. हरणी म्हणजे आमची थोरली म्हैस. मी वस्तरा चालवत होतो, शालन म्होरकं धरून तिच्या तोंडापुढं उभी होती, साबणाचं पाणी दोघांच्या अंगावर उडत होतं. म्हैस भादरताना धरणाऱ्यानं तिच्याशी बोलत राहावं लागतं, नाहीतर ती मान झटकते आणि वस्तरा कातडीला लागतो. तर शालन बोलत होती. पण काय बोलत होती? मोत, हाय, बा, बोन... व्हिएतनामी आकडे. म्हशीला. मी म्हटलं, निदान जनावराशी तरी आपल्या भाषेत बोल की. तर मान न वळवता म्हणाली, "पन्नास वर्सं ह्या गोठ्यात तुमचाच आवाज हाय. जरा नवीन कायतरी पडू दे तिच्या कानावर."

मला राग आला होता. तो राग उतरायच्या आत, दुपारी तांदूळ निवडता निवडता शालन एका अंगाला कलंडली. दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. आता दोन महिने होत आले, राग आहे तसाच आहे. कुणावर काढायचा ते समजत नाही म्हणून लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघून घ्यावं, मजकुराला मात्र हात लावू नये.

आमचं घर पेठेतलं, मागं गोठा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हशीवाले. रोज संध्याकाळी मी धाकटी म्हैस, भुरी, घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जातो. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढायची आणि त्यानं उभ्या उभ्या प्यायचं. कोल्हापूरकराला हे सांगायला नको, बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळची धार मात्र घरी, रतिबाची. पहाटे शालन हरणीखाली बसायची, मी भुरीखाली. पाठीला पाठ. आमचं लग्न झालं तेव्हा घरात खायला चौदा तोंडं, आईबाप, भाऊ, भावजया. बायकोशी चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. आमचं जे काय बोलणं झालं ते धार काढताना. थोरल्या लेकीचं लग्न कुठं करायचं ते तिथं ठरलं. आईचं आणि हिचं पटत नाही ते मला तिथं कळलं. पुढं घर रिकामं झालं, दिवसभर बोललो असतो तरी कोण अडवणार नव्हतं, पण सवय पहाटेचीच राहिली. बादलीत धार वाजायला लागली की शालनचं तोंड सुटायचं. ती वेळ माझी होती. हे नीट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

दोन वर्षांमागं आमची नात ऋतुजा राहायला आली. लेकीची लेक, गारगोटीची. बी. कॉम. झालेली. सरकारी परीक्षेला दोनदा बसली, दोन्ही वेळेला थोडक्यात हुकली, आणि मग पोरगी बसली ती बसलीच. लेक म्हणाली, आबा, जरा हवापालट होऊ दे, आईजवळ राहू दे. राहू दे म्हटलं. आली आणि माडीवर पालथी पडून मोबाईल बघायला लागली. त्या मोबाईलमध्ये कोट घातलेली माणसं ओरडत असायची... उठा, जिद्द धरा, स्वप्नं मोठी बघा. ही पडल्या पडल्या ऐकायची. मी एकदा म्हटलं, तो एवढा घसा फोडून उठा म्हणतोय, तर बिचाऱ्याच्या समाधानासाठी तरी ऊठ. शालननं माझ्याकडं असं बघितलं की मी खाली निघून आलो.

मग कुठल्यातरी मैत्रिणीनं तिच्या डोक्यात घातलं की आता आपली माणसं ढिगानं व्हिएतनामला सहलीला जायला लागलीत, टूरवाल्यांना तिकडची भाषा येणारी पोरं मिळत नाहीत. झालं. तिकडची एक मास्तरीण मोबाईलवर शिकवायची, लान तिचं नाव. तिच्या दिवसाच्या शाळेआधी तिला वेळ असायचा, म्हणजे आपल्याकडं पहाट. पहिला महिना पोरगी उड्या मारत उठली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पालथी. एकच शब्द सहा सुरांत म्हणायचा आणि दर सुराला अर्थ निराळा, कोण म्हणणार? मन लागत नाही म्हणाली. शालन तिला म्हणाली, "मला तरी रोज मन लागतंय व्हय गं? म्हस कास भरून तटलेली ऱ्हाती, म्हणून उठायचं." आणि तिला हाताला धरून गोठ्यात आणली, पालथ्या बादलीवर बसवली आणि सांगितलं, मी धार काढणार, तू बोलणार. एकदा पान्हा सुटला की मी मधी उठत नाही, तसं तूही मधी उठायचं नाही. पोरगी म्हणाली, आज मला एकही शब्द येत न्हाई. शालन म्हणाली, तर जे येत न्हाई तेच म्हण.

त्या पहाटेपासून माझी वेळ गेली.

मी भुरीखाली, मागं शालन, आणि आमच्या दोघांच्या मधी त्या मोबाईलमधली बाई. ऋतुजानं एक म्हणायचं, मास्तरणीनं दुरुस्त करायचं, ऋतुजानं पुन्हा म्हणायचं, आणि थोड्या दिवसांनी बघतो तर तिसरा आवाज कुणाचा? शालनचा. सुपारी खाऊन जाड झालेल्या जिभेनं ती ते सूर काढायची आणि मास्तरीण टाळ्या वाजवायची. ऋतुजापेक्षा आजीचा सूर सरळ पडतो म्हणे. का पडणार नाही? जन्मभर म्हशींना हाका मारल्या तिनं, वर चढवून, खाली पाडून. आजीला तिकडं 'बा' म्हणतात, तीनच्या आकड्याहून निराळ्या सुरात, म्हणून मास्तरीण शालनला बा म्हणायची. मी म्हटलं, आमच्यात बा म्हणजे बाप. शालन म्हणाली, "मग बरंच हाय की. एवढी वर्सं बापाचंच काम केलंय मी ह्या घरात."

एकदा मास्तरणीनं म्हैस दाखवा म्हटलं. हरणी दाखवली. तर ती बाई रडायला आली. तिचा बाप खेड्यात म्हशी जुंपून नांगर चालवतो, ह्या अश्शाच वाकड्या शिंगाच्या, आणि ती बरेच महिने घरी गेली नव्हती. पण तिकडं म्हशीचं दूध काढायची रीत नाही म्हणे. हे ऐकून शालनचा हात थांबला, जो कधी थांबत नसे. "म्हस पाळायची आणि दूध काढायचं न्हाई? मग रोज तिचं तोंड बघायचं का?" त्यानंतर पुढचे आठ दिवस शालननं तिला खरवस म्हणजे काय हे सांगण्यात घालवले. ऋतुजाला एवढे शब्द येत नव्हते, तर ती पुस्तकं शोधून शोधून शब्द काढायची. मी पाठीमागं बसून ऐकत होतो. मला कोणी विचारलं नाही. पेठेत माझ्यासारखा खरवस कोणाला जमत नाही.

कट्ट्यावर बातमी पोचायला कितीसा वेळ. गिऱ्हाइकं दूध पीत पीत विचारायची, आबा, मावशी व्हिएतनामला चालल्यात म्हणं, तुमाला न्हेणार का म्हशी राखायला ठेवणार? मी हसायचो. पुढच्या पेल्याची धार जरा जास्तच जोरात ओढायचो. घरी आलो की त्या दोघी चुलीपुढं बसून त्या भाषेत काहीतरी बोलायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि हसायच्या. मी एकदा म्हटलं, मला पण एक शब्द शिकवा. शिकवला. मी म्हटला, तर दोघी पोट धरून हसल्या. पुन्हा मी त्या वाटेला गेलो नाही.

सगळ्यांत झोंबलं ते निराळंच. एका पहाटे ऋतुजा आज नको म्हणून रुसून बसली होती, तेव्हा शालन तिला सांगत होती की मला शाळेत भूगोल लई आवडायचा, नकाशात बोट फिरवत मी कुठं कुठं जायची, पण म्हशी राखायला माणूस नव्हतं म्हणून बापानं नाव काढलं. मी भुरीखाली बसून ऐकलं. पन्नास वर्षं पाठीला पाठ लावून बसलो, हे मला नाही सांगितलं. पालथ्या बादलीवर बसणाऱ्या कालच्या पोरीला सांगितलं.

...

शालन गेल्यावर रक्षाविसर्जन झालं, माणसं येत होती, जात होती. अशात त्या मास्तरणीचा फोन आला. तोंड दिसत होतं तिचं. ती रडत रडत बोलत होती, ऋतुजा रडत रडत उत्तर देत होती, अडखळत नव्हती, सरळ बोलत होती. बायका बघत राहिल्या. मी भिंतीला टेकून बसलेलो. माझी बायको गेली होती, माझ्या घरात तिच्यासाठी दोघी रडत होत्या आणि त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर विचारलं, काय म्हणाली. ऋतुजा म्हणाली, "तिला बादलीतल्या धारेचा आवाज आठवतोय, आबा. म्हणाली, वर्ग सुरू झाला की आधी तोच ऐकू यायचा." मी उठून गोठ्यात गेलो. तो आवाज पन्नास वर्षं माझ्या कानामागं होता. तो त्या बाईनं कशासाठी आठवायचा?

त्या दिवसापासून ऋतुजानं मोबाईल उघडला नाही. पुन्हा माडीवर, पुन्हा पालथी. पुण्याच्या एका टूरवाल्यांनी तिला मुलाखतीला बोलावलं होतं, ती म्हणाली, मी जाणार न्हाई. इकडं हरणीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. मी खाली बसलो की पाय झाडायची, सडाला हात लावू द्यायची नाही, निम्मंअर्धं दूध वर ओढून धरायची. रतिबाची माणसं बोलायला लागली. सरकी घालून बघितली, शालनचं लुगडं अंगावर घेऊन बसून बघितलं. जनावर फसत नाही.

बारावं झाल्यावर लेक पुन्हा गारगोटीहून आली. मी सरळ सांगितलं, पोरीला घेऊन जा. लेक म्हणाली, आणि तुमी एकटं? मी म्हटलं, व्हय, एकटाच. खरं सांगतो, मला ह्या दुःखात वाटेकरी नको होता. ऋतुजा घरात फिरायची ती शालनसारखीच टाचा घासत चालायची, भाकरी मोडायची ती शालनसारखी. बघवत नव्हतं. मला वाटायचं, ही तेवढी शालन घेऊन बसलीय आणि मला उरलीसुरली.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं जायचं ठरलं. संध्याकाळी ऋतुजा बॅग भरत होती. मी उंबऱ्यात उभा होतो. ती कपड्यांच्या घड्या घालत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आबा, तुमी माझ्यावर जळता न्हवं?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"आजी म्हणायची. मी म्हटलं, आजी, आपण धारेच्या वेळी नको बसूया, आबांना आवडत न्हाई. तर म्हणाली, बसायचं. ह्या वयात माझ्यापायी कोणतरी जळतंय, हे बघून मला बरं वाटतंय."

म्हणजे शालनला सगळं कळत होतं. ते चुलीपुढचं हसणं, तो चढवून काढलेला सूर... आणि मी मूर्खासारखा भुरीकडं तोंड करून बसायचो.

पहाटे उठून गोठ्यात गेलो. हरणीखाली बसलो, सडाला हात लावला. तिनं पाय झाडला, बादली उपडी झाली. मी ती धुतली नाही, तशीच हातात घेऊन वर माडीवर गेलो. लेक चप्पल घालून उभी होती, ऋतुजाच्या खांद्याला बॅग. मी म्हटलं, "फोन घे आणि खाली ये. हरणी तुझ्या मास्तरणीशिवाय पान्हा सोडत न्हाई." लेक म्हणाली, आबा, गाडी चुकंल. मी म्हटलं, चुकू दे.

ऋतुजा पालथ्या बादलीवर बसली. मी हरणीखाली, शालनच्या जागी, पहिल्यांदाच पोरीकडं तोंड करून. फोन लागला. मास्तरीण काहीतरी म्हणाली, ऋतुजा हळू आवाजात काहीतरी म्हणाली, पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. हरणीनं कान टवकारले, मागचा पाय सैल सोडला, आणि धार लागली. बादलीचा तळ वाजायला लागला तसं पलीकडचं बोलणं एकदम थांबलं. मग त्या बाईनं काहीतरी विचारलं. ऋतुजानं उत्तर दिलं.

"काय विचारती?" मी म्हटलं.

"धार कोण काढतंय म्हणून विचारती."

"मग तू काय सांगितलंस?"

"बाचा नवरा, म्हटलं."

मी हात थांबवला नाही. म्हटलं, "पुन्हा एकदा सांग तिला. धारेच्या आवाजात ऐकू गेलं नसंल."