बंबात गेलेला शेवट

जग बुडाल्यानंतरच्या कादंबऱ्यांइतकं मला दुसरं काही आवडत नाही. रोगराईनं शहरं ओस पडलीत, वीज गेलीय ती कायमची, चार माणसं उरलीत आणि एक दार आतून बंद आहे. ते कुणासाठी उघडायचं हे आतल्या बाईनं ठरवायचं. असली कादंबरी हातात आली की मी चहासुद्धा विसरते. जिच्या शेवटी सगळे गळ्यात गळे घालतात, ती मात्र माझ्या लेखी फुकट. दार लावणाऱ्याला दार लावूनच उत्तर मिळालं पाहिजे, हे माझं पहिल्यापासूनचं मत.

सगळ्यांत आवडती कादंबरी मी माहेराहून, सेलूच्या स्टेशनाजवळून आणली होती. साथीत गाव मेलंय. जिला शेजारणीनं घराबाहेर काढून दार लावून घेतलं, ती एक बाई तेवढी जगलीय. नदीपलीकडं रोज संध्याकाळी एक दिवा लागतो. कोण लावतं? ते बघायला बाई पुस्तकभर तराफा बांधते. तराफा पाण्यात लोटला, इथवर मी आले आणि सासरी, राणीसावरगावला, पाहुणे टपकले. पुस्तक देवळीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या जाऊबाईनं बंब पेटवला. पुस्तकाची मागची पानं फाडून!

“अगं, पुढची ठिवलीत की! मागची काय, वाचून झाल्यावरचीच असत्यात,” ती म्हणाली. वर शेजारणींसमोर हसली, “जग बुडाल्याचं वाचायलीय बया. घरात अवदसा आणायलीय.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण भांडले नाही. भांडण दोन दिवसांत विझतं; मला पुरवून पुरवून खायचं होतं.

तुरी निवडायला आम्ही बाया संध्याकाळी ओसरीवर बसायचो. तिथं मी तीच गोष्ट सांगायला घेतली, रोज थोडी. पहिल्यांदा जाऊबाई पाठ करून बसली. मग सूप घेऊन जवळ सरकली. मग माझ्यासाठी जागा धरायला लागली, जेवताना भाकरीवर लोण्याचा गोळासुद्धा! एके दिवशी मी तराफा पाण्यात लोटला आणि सूप खाली ठेवलं.

“मंग? दिवा कोन लावायचं?” तिचे डोळे हे एवढे झाले.

“पुढचं बंबात गेलं, आक्का. त्या दिवशी तुमच्या आंघोळीचं पानी लय झ्याक तापलं व्हतं.”

बाया फिदीफिदी हसल्या. ती उठून आत गेली. लोणी बंद झालं, होऊ दे. असा गोड घास मी जन्मात खाल्ला नव्हता.

आता बायांसमोर विचारायची तिला सोय उरली नाही. म्हणून दुपारी मला एकटीला गाठायची. आणि दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या पोरांचा मामा म्हणजे तिचाच भाऊ, ऊसतोडीला लांब गेलेला. मी साळसूद तोंड करून म्हणायचे, “सांगते की. पर तुमचा भाऊ परमुलखात हाय ना?” ती तशीच निघून जायची.

आणि खरं सांगू? शेवट मला तरी कुठं माहीत होता!

पुढं परभणीच्या रद्दीवाल्याकडं तीच कादंबरी अख्खी सापडली. बसमध्ये उभ्यानं शेवट वाचला आणि डोकं फिरलं. दिवा लावणारी तीच शेजारीण! पलीकडं पळालेली. हाक मारायची लाज, म्हणून नुसता दिवा लावायची. आणि आमची बाई काय करते? तिच्या चुलीपुढं बसून जेवते! जळलं मेलं ते लिहिणं. पुस्तक ट्रंकेत घालून कुलूप लावलं. असला शेवट जाऊबाईला सांगू? मेले तरी नाही.

परवा तिचा भाऊ तोडीवरून सुखरूप आला. ती भर दुपारी माझ्यापुढं येऊन बसली.

“आलाय मामा घरी. आता सांग.”

“पलीकडं कुनीच नव्हतं,” मी म्हणाले.

तिनं हात झटकला. “ह्या! दिवा काय आपोआप लागतोय व्हय? शेजारीनच असंल ती, दार लावलेली. कोनत्या तोंडानं हाक मारंल? म्हनून दिवा लावायली असंल.”

डांबरट! राखेतनं शेवट काढला की तिनं. ‘बरोबर’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता, तो मी गिळला.

“न्हाई. कुनीच नव्हतं.”

संध्याकाळी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा होता. खाल्ला. सांगणार मात्र नाही.