फायलीच्या माथ्यावरचं नाव

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस कोल्हापुरात दुसरा नाही, आणि कोल्हापुरात हट्टी माणसांचा तुटवडा आहे असं कुणीच म्हणणार नाही. दुनिया कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होती, तेव्हा हे गृहस्थ साड्यांच्या किनारी पडद्यावर काढायचा प्रोग्रॅम लिहीत होते. तो सगळ्यांना फुकट द्यायचा होता; पण प्रत्येक फायलीच्या माथ्यावर ती कुणी लिहिली, कोणत्या साली, हक्क कुणाचा, परवानगी कशाची, हे घातल्याशिवाय ती घराबाहेर पडणार नव्हती. एका फायलीत तर या मजकुराखाली काहीच नव्हतं. मी हसलो, तर म्हणाले, "पडीक रानाला सातबारा नसतोय व्हय, पावणं?" ही खोड पुढे स्वयंपाकघरात शिरली. चटणीच्या बरणीवर चिठ्ठी: 'मूळ कृती सासूबाईंची. बदल सौ.चे. वाटण्यास व आणखी बदलण्यास हरकत नाही, मात्र ही चिठ्ठी काढू नये.' मेहुणीबाई ती रोज धुऊन टाकत आणि साडू रोज नवी चिकटवत.

दोन हजार सालानंतर कधीतरी सगळं काम संपलं, फक्त धाग्यांचं गणित करणारी एक फाइल अडली. ती इचलकरंजीच्या एका मित्राने, यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने, वहीत लिहिली होती; साडूंनी नुसती टाइप केली. मित्र वारला होता. आता हक्क त्याच्या बायकोचा. ती नाही म्हणाली, तर साडूंची सगळी वर्षं पाण्यात.

"तुम्हीच नवी लिहा की," मी म्हणालो.

"मग त्याचं नाव जाईल."

विषय संपला. आम्ही एसटीने इचलकरंजीला त्या मित्राच्या घरी, वहिनींकडे गेलो. शेजारी मागांचा खडखडाट, त्यामुळे साडूंनी अख्खी परवानगी ओरडून वाचून दाखवली. वहिनींनी शांतपणे ऐकली.

"म्हंजे फुकट वाटायचं?"

"व्हय वैनी."

"आन् ह्यांचं नाव?"

"पयल्या वळीला. कुणालाबी काढता याचं न्हाय."

त्यांनी कागद हातात घेऊन नीट वाचला. "साल चुकलंय की भावजी. आदल्या दिवाळीत लिवलंय त्यांनी. मी च्या करून देत हुतो न्हवं तुमास्नी?"

साडूंनी मुकाट्याने साल खोडलं, दुरुस्त केलं. मग वहिनींनी सही केली.

 परतीच्या एसटीत, हातकणंगले गेल्यावर साडू म्हणाले, "त्यो असता तर त्या सालापायी शिव्या घातल्या असत्या मला." साडूंना शिव्या घालू शकणारा तो एकुलता एक माणूस मला भेटायचा राहून गेला, याची मला फार चुटपुट लागली.