गुरुजींची रिकामी पळी

गुरुजींची आणि माझी ओळख आमच्या सायखेड्याच्या घराच्या वास्तुशांतीत झाली. होमात तूप सोडता सोडता वडिलांनी हळूच विचारलं, "गुरुजी, एवढ्या तुपाचं फळ काय?"

गुरुजी म्हणाले, "आबा, आहुती दिली की आपण 'इदं न मम' म्हणतो, हे माझं नाही. तेच फळ. तुपाबद्दल म्हणायला सोपं असतं, एवढंच."

मी आठवीतच शाळा सोडलेली. पण हे कळलं, आणि दर सोमवारी गोदाकाठच्या देवळात त्यांचं ऐकायला जाऊ लागलो.

गुरुजी पोथीतलं यज्ञाचं प्रकरण वाचतात आणि कुंड छातीत दाखवतात. जाणीव हाच अग्नी, तिच्यासमोर धराल ते जळेल, लपवाल ते कुजेल, असं ते सांगतात. शेवटी एक रिकामी पळी हातोहात फिरते. ज्यानं त्यानं आतलं काहीतरी मनातल्या मनात तिच्यात टाकायचं, 'न मम' म्हणायचं आणि पळी पुढं द्यायची. एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं, "गुरुजी, सून टाकली तर चालंल का?"

"सून नको, तिच्यावरचा राग टाका."

"मंग राहू द्या."

सगळ्यात जास्त गुरुजीच हसले.

पोटासाठी मी जामनगरला वेल्डिंगच्या कामावर आलो, तेव्हा वाटलं, सुटलं सगळं. पण गुरुजींनी स्वतः फोन केला. तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा फोन स्पीकरवर लावून पोथीशेजारी ठेवलेला असतो. गुरुजींचं मोठेपण मी यापेक्षा जास्त काय सांगू?

आता माझ्या जागेवर रोहित बसतो. संस्कृतात एम. ए., नाशिकहून गाडीवर येतो. गुरुजींनी मागितला की चष्मा तो पुसून देतो, पाण्याचा तांब्या तो देतो. मला इथं फोनवर हे सगळं ऐकू येतं आणि लय जळतं. गुरुजींच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेखही त्यानंच मागितला, म्हणून हे जळणंही यातच लिहितो.

गेल्या सोमवारी पळी फिरली. रोहित म्हणाला, "प्रकाशभाऊ, तुमच्या वतीनं मी धरतो."

मी म्हणालो, "नको. जे टाकायचंय ते तुझ्याबद्दलच हाय."

रोहित म्हणाला, "टाका. धरलीय मी."

गुरुजी म्हणाले, "प्रकाश, आता न मम म्हण."

मला म्हणता येईना. हेवा सोडला तर गुरुजी माझे राहतील का, तेच कळेना. तसंच बोलून टाकलं.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "ओलं लाकूड टाकलं की नुसता धूर होतो. वाळू दे. मी थांबतो."

या थोर माणसाला सर्वांनी शुभेच्छा दिल्याच आहेत. माझी एवढीच, की गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि मला ते दोन शब्द मनापासून म्हणता येईपर्यंत त्यांना आयुष्य लाभो. मी शिकायला फार सावकाश आहे, हे गुरुजींना ठाऊक आहे.