इशबेलमावशीचं भिजणं

स्कॉटलंडमधल्या आमच्या कर्किंटिलॉखला बोटी आडव्या पाण्यात सोडत. आमचा कालवा अरुंद. बोट सरळ सोडली असती तर समोरच्या काठावर जाऊन आदळली असती. म्हणून ती काठाला लावूनच बांधायची, पाचरी काढायच्या आणि कुशीवर लोटून द्यायची. मग जी लाट उठे, ती पलीकडे बघायला जमलेल्या गावाच्या अंगावर यायची. शहाणे लोक मागे पळत. इशबेल पळत नसे.

चार वर्षांची असताना ती पहिल्यांदा भिजली, ती बोट झकास चालली. पुढच्या बोटीच्या वेळी तिला गोवर आला, आणि ती बोट आठवड्याच्या आत बुडाली. तिसऱ्या वेळी पोर पुन्हा नखशिखान्त भिजली, बोट पुन्हा झकास. एवढ्यावरून बोटींच्या कारखान्यातल्या मंडळींनी ठरवून टाकलं, की इशबेल भिजल्याशिवाय बोट लाभत नाही. त्यानंतर हेडमास्तर तिला भिजण्यासाठी रीतसर सुट्टी देत. मुकादम पलीकडून ओरडे, "पोर भिजली का रे?" भिजली म्हटल्यावर टाळ्या पडत आणि तिला एक गरम मटण पॅटिस मिळे. लग्नाच्या दिवशी अकराला बोट होती आणि बाराला चर्च. ती ठिबकत उभी राहिली, आणि आठवडाभर शिंकले ते पाद्री.

त्या गोवरानंतर एकदाच ती गेली नाही. एकोणीसशे चव्वेचाळीस साली तिला सातवा महिना होता. नवरा टॅम म्हणाला, "या थंडीत भिजून पोराला काही झालं म्हणजे?" ती घरी बसली. ती बोट त्याच हिवाळ्यात आरन बेटाजवळ वादळात गेली. त्या बोटीवर टॅमचा धाकटा भाऊ एबेन स्वयंपाकी होता. वादळाने गेली, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. तिने मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही.

मी तिच्या शेजारी चाळीस वर्षं राहिले. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही. शिवाय मी आमच्या स्थानिक इतिहास मंडळाची चिटणीस, म्हणजे पुढच्या मूर्खपणात माझाही हात आहेच.

बंद पडलेला कालवा पुन्हा खुला झाला आणि काही वर्षांनी मंडळाने जुन्या पद्धतीची एक छोटी बोट बांधली. पाण्यात उतरल्यावर ती थेट आरनपर्यंत जाणार होती. सुकाणूवर कोण, तर ड्रू गार्टशोर. मावशीचा एकुलता एक मुलगा, त्या सातव्या महिन्यात पोटात होता तोच, आता चौसष्ट वर्षांचा, बसच्या नोकरीतून निवृत्त, वजनाने भरभक्कम.

मावशी सत्त्याऐंशीची होती. काठी टेकत सभेला आली.

"बोट आडवी सोडणार ना?" तिने विचारलं.

"क्रेनने उतरवणार," अध्यक्ष ऑर्मिस्टन म्हणाले. "सुरक्षेचे नियम आहेत, मिसेस गार्टशोर. प्रेक्षक पाण्यापासून वीस मीटर लांब हवेत."

"वीस मीटर म्हणजे मी मागच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी राहणार. तिथे लाट येईल का रे, गाढवा?"

"लाट येऊ नये म्हणूनच तर क्रेन."

"आणि माझा ड्रू बुडाला म्हणजे? तू येशील का सांगायला, नियम पाळून बुडाला म्हणून?"

ड्रू कोपऱ्यात कानापर्यंत लाल झाला. "आई, पुरे कर ना. चव्वेचाळीस वर्षं बस चालवली मी. तेव्हा कुठे भिजली होतीस?"

"बस बुडते का, शहाण्या?"

मंडळाने तीन बैठका घेतल्या. अखेर तोडगा निघाला. मिसेस गार्टशोर यांना प्रतीकात्मक भिजवण्यात येईल, झारीने, कोमट पाण्याने, डोकं वगळून. झारीतल्या पाण्याच्या धोक्यांचा तक्ता मीच टाइप केला. तो घेऊन मी तिच्याकडे गेले.

तिने तो वाचला आणि घडी घालून चहाच्या कपाखाली ठेवला. "मी काय कुंडी आहे?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "एबेनचे मोजे अजून माझ्याकडे आहेत गं. एकच दिवस कोरडी राहिले मी." मला रडू आलं. तक्ता मी परत मागितला नाही.

त्या दिवशी जून महिना असूनही बोचरं वारं होतं. झारी नाकारून मावशी आपल्या जुन्या जागी, पाण्याच्या अगदी कडेला उभी होती, कोटाशिवाय. तिला मागे न्यायला दोन स्वयंसेवक आले, तर तिने काठी उगारली. पलीकडून क्रेनने बोट उचलली. बोटीत ड्रू सुकाणूपाशी, आणि पुढे अध्यक्षपदाची पदकमाळ घातलेले ऑर्मिस्टन. बोट इतकी अलगद टेकली, की शेजारचं बदकसुद्धा हललं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्मिस्टननी हात हलवला.

मावशी कोरडी ठणठणीत. दोन्ही हातांनी काठी धरून ती रडत होती, एवढ्या गावासमोर, लहान मुलीसारखी.

ड्रूने ते पाहिलं. जन्मभर या गोष्टीची लाज वाटलेला माणूस तो. त्याने बोट हळूहळू आईच्या काठाजवळ आणली आणि इंजिन बंद केलं. टोपी काढून फळीवर ठेवली, घड्याळ काढून टोपीत ठेवलं.

"काय करताय, मिस्टर गार्टशोर?" ऑर्मिस्टन ओरडले. "हे कार्यक्रमपत्रिकेत नाही!"

ड्रू कठड्यावर चढला, काठाला समांतर झाला, आणि एका कुशीवर, सरळ आडवा, पाण्यात पडला.

तशी लाट मी आयुष्यात पाहिली नाही. ऑर्मिस्टन माळेसकट बोटीत आडवे झाले, बदक उडालं, आणि मावशी डोक्यापासून बुटांपर्यंत भिजली.

ड्रू पाण्यातून वर आला, कमरेएवढ्या पाण्यात, गाळात उभा. "झालं का, आई?"

तिने तोंडावरचं पाणी पुसलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता जा तू आरनला. कोरडे मोजे घालून जा. एबेनचे देते."

मग माझ्याकडे वळली. "माझं मटण पॅटिस कुठाय गं?"

मी सुपरमार्केटकडे धावले.