रिकाम्या भट्टीचा धूर

शनिवार, ३ एप्रिल ८०१. उद्या पुनरुत्थानाचा सण. सकाळी वेशीचा दरवाजा उघडला. मुसलमानांना सामानासह जाऊ दिले. झय्यान गेला. दुपारी फ्रँक आत आले. वारा समुद्राकडून, आभाळ स्वच्छ.

मठातल्या भगिनींनी मला रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती अजून सुटलेली नाही. पण झय्यान चार ओळींत मावत नाही.

तो आमच्या गल्लीचा भट्टीवाला. बार्सिलोनात आमच्यासारख्या साध्या घरांतून भट्टी नसते. पीठ मळायचे, फळीवर घालून त्याच्याकडे न्यायचे, तो पाव भाजून द्यायचा. प्रत्येक घराची पावावरची खूण ठरलेली. माझा क्रूस, समोरच्या चांभाराचे तीन बोटांचे ठसे. खुणांची गल्लत त्याच्या हातून कधी झाली नाही. यजमान गेल्यावर मी एकच पाव नेऊ लागले, तर म्हणाला, "ताई, एवढुसा क्रूस आत हरवेल माझ्याकडून. जरा मोठं मळा, उरलेलं मी खातो." तेव्हापासून माझ्या पावाचा तुकडा त्याच्याकडे आणि त्याच्या घरचे ऑलिव्ह माझ्याकडे असे चालत आले.

त्याला एकुलती एक मुलगी, गझाला. उन्हाळ्यात फ्रँकांच्या यंत्रातून सुटलेला दगड उत्तरेच्या बुरुजावर पडला, त्यात तिचा नवरा गेला. तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. झय्यानने तिच्यासाठी दोन रांजण पीठ बाजूला काढून ठेवले. मूल होईपर्यंत तिला पुरवायचे, एवढाच त्याचा हिशेब होता.

फ्रँक पूर्वीही उत्तरेच्या डोंगरांपलीकडून येत. शेते जाळत, गुरे नेत आणि द्राक्षे पिकली की घरी परतत. त्यांच्या घोड्यांना हिवाळ्यात चारा मिळत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत होते. म्हणून वेढा आवळला तरी कोणी धान्य मोजून खाल्ले नाही. शरद सुरू झाला तसा तटाचा नायक सगळ्या भट्ट्यांवर फिरला. एकही भट्टी विझता कामा नये, असे त्याने सांगितले. टेकडीवरून फ्रँकांना धूर दिसला की कोठारे भरलेली आहेत असे त्यांना वाटेल आणि कंटाळून ते लवकर निघतील.

झय्यानला हे मनापासून पटले. नुसत्या धुराला पावाचा वास येत नाही, म्हणून त्याने दोनांतला एक रांजण उघडला, रोज थोडे पाव भाजले आणि गल्लीत वाटले. गझाला भिंतीला टेकून बघत होती.

"बाबा, गल्लीला खायला घालताय की फ्रँकांना?"

"वास जाऊ दे गं त्यांच्या नाकात. तोंडाला पाणी सुटलं की घर आठवतं माणसाला."

"माझ्याही तोंडाला सुटतंय."

तो हसला आणि तिला गरम तुकडा मोडून दिला.

पुढे बायकांनाही तटावर दगड वाहावे लागले. एका सकाळी मी आणि झय्यान टोपली घेऊन वर गेलो. खाली फ्रँक ओंडके ओढत होते. नवे यंत्र उभारत असतील असे मला वाटले. पण त्यांनी भिंती उभ्या केल्या, माती लिंपली, वर गवत घातले. एकजण वाकून दार बसवत होता. झय्यान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"ताई, चामड्याची बिजागरी लावतोय तो."

"हो."

"जायचं असतं तर दार कशाला लावलं असतं?"

खालून कोणीतरी आमच्याच बोलीत ओरडले, "भट्टीवाल्यांनो, नाताळाला जेवायला येतोय, जरा जास्त भाजा!" त्यांच्याकडचे हसले. झय्यानने टोपली रिकामी केली आणि जिना उतरला.

हिवाळ्यात लोकांनी दारांवरचे चामडे काढून उकळून खाल्ले. झय्यानची भट्टी मात्र रोज पेटत होती. द्राक्षाच्या काटक्या संपल्या, मग पीठ मळायची लाकडी परात गेली, मग बाळासाठी केलेला पाळणा. पाळणा फोडताना मी त्याला अडवले. तो म्हणाला, "आता धूर थांबला तर आपलं संपलं हे कळेल त्यांना." गझालाला त्याने भट्टीला लागून निजवले होते, निदान ऊब मिळावी म्हणून. दुसऱ्या रांजणाचा तळ तोवर दिसला होता.

मूल झाले ते रडलेच नाही. पाठोपाठ गझालाही गेली. तिला न्हाऊ घालायला शेजारच्या बायका आल्या. पाणी मी त्याच भट्टीवर तापवून दिले. दुसऱ्या दिवशी झय्यानने पुन्हा भट्टी पेटवली.

शहर शरण गेले त्या सकाळी तो माझ्या दारात आला. हातात पाव काढायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे होते. "हे जाळायचं राहिलं, ताई," म्हणाला आणि ते दाराला टेकवून ठेवले. मी त्याला पाणी दिले. तो इतरांबरोबर दक्षिणेच्या रस्त्याला लागला.

दुपारी एक फ्रँक शिपाई गल्लीत आला आणि कोठार कुठे आहे म्हणून विचारू लागला. कोठार नाही, असे मी सांगितले. तो चिडला. "मला शिकवू नका, आजीबाई. शरदापासून तुमचा धूर बघतोय आम्ही. तो बघूनच सरदार म्हणाला, यांच्याकडे हिवाळाभराचं आहे, घरी जाऊन उपयोग नाही, इथेच घरं बांधा."

त्याने झय्यानच्या भट्टीत भाला घालून आतली राख बाहेर ओढली, बोटांनी चाळून पाहिली आणि निघून गेला. झय्यान तोवर नदीपलीकडे पोहोचला असेल.

संध्याकाळी त्या दिवसाच्या टिपणाखाली मी आणखी थोडे लिहिले.

फ्रँकांनी घरटी ओंजळभर वाल दिले. सरपण नव्हते, म्हणून फावडे फोडून चूल पेटवली. वाल जुने होते, शिजायला वेळ लागला.