कडू येत नव्हतं

आश्रुबा माझ्याहून वयानं बराच मोठा होता, तरी आम्ही दोस्त होतो. लिंबागणेशजवळच्या वस्तीवरचा तो ऊसतोड्या. मी बी.ए.ला मराठी घेतलं याचं त्याला हसू यायचं. "मराठी येतच हुतं की तुला. मंग कावून शिकलास बे?"

सकाळी तो तांब्याभर मीठपाणी प्यायचा आणि घशात बोटं घालायचा. हिरवं-पिवळं पडलं की समाधानानं तोंड पुसायचा. याला पित्त काढणं म्हणतात. टोळीत पुष्कळजण काढतात, पण अधूनमधून. आश्रुबा रोज काढायचा. पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यापासून कडू पाणी जास्तच वर येत होतं. गोळ्यांनी भागत नव्हतं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली. सोबत मी होतो.

"हे नुसतं आम्ल नाही," डॉक्टर म्हणाले. "पित्ताची जागा आतड्यात. तुमचं उलटं जठरात येतं, तिथून अन्ननलिकेत. वर तुम्ही ते मुद्दाम ओढून काढता. पोळून पोळून आतलं अस्तर बदललंय. हा कॅन्सर नाही, पण याच जागी होऊ शकतो. वर्षानं पुन्हा बघू. लवकर सापडलं तर दुर्बिणीतूनच काढता येतं."

आश्रुबानं मीठपाणी सोडलं. तंबाखू सोडली. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या.

"आमचं येडं उतारावर झोपतंय," त्याची बायको रुक्मिणीवहिनी सगळ्यांना सांगायची. "सकाळी पायथ्याला सापडतंय."

कडू यायचं थांबलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. ऊस वाळला. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, हंगाम संपला, टोळ्या परतल्या. दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली. आश्रुबा बैल घेऊन तिथं दिवसभर बसून असायचा. मी तपासणीची आठवण द्यायला गेलो.

"कडू येतंय का मला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"जळजळ?"

"नाही."

"मंग? बऱ्या मानसाच्या पोटात काय बघनार, भूक?"

शेजारी त्याच्याच टोळीतला म्हाळू होता; माझ्या बी.ए.मुळे तो मला मास्तर म्हणायचा. तो म्हणाला, "मास्तर, तुमीच घालून घ्या की येकदा नळी. आत कविता सापडंल."

"जा की," वहिनी म्हणाली. "बैलापाशी मी बसते."

"बघू अमुशा झाल्यावर."

छावणी मृगापर्यंत चालली. त्याला वेळच वेळ होता. तो गेला नाही.

दिवाळीत भाकरी अडकायला लागली. घासागणिक पाणी लागायचं. पुन्हा तेच डॉक्टर, तीच दुर्बीण. वर्षानं का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं.

"कडू येत नव्हतं, सायेब."

"बदललेलं अस्तर फारसं जळत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच बोलावलं होतं."

होळीच्या आत आश्रुबा गेला. खाटेखालच्या विटा अजून तिथंच आहेत.

परवा सकाळी म्हाळू ओट्यावर मीठपाण्याचा तांब्या घेऊन बसला होता. वहिनी समोरून आली. तिनं तांब्या त्याच्या हातातून घेतला आणि ओतून दिला. टँकरचं पाणी होतं.